उघडं अकरा, बंद पंधरा

तारीख: मे महिन्यातला पहिला रविवार, संध्याकाळी सव्वासहा. रक्कम: प्रत्येकी पाचशे रुपये. हजर: मी आणि मुलगी.

आमच्या घरात काहीही ठरलं की त्याची अशी नोंद होते. ही वडिलांची शिस्त, मी ती पुढं चालवली. कधी, किती आणि कोण हजर होतं, हे तीन रकाने भरले की नंतर कुणी शब्द फिरवू शकत नाही. वही टीव्हीखालच्या खणात असते.

पैज लागली ती एका कपाटावरून. कपाट आमचं नव्हे. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी कादंबरीतलं, खेड्यात एकट्या राहणाऱ्या विधवेच्या घरातलं. मुलगी इंग्रजी घेऊन एम.ए. करते. जुन्या कादंबऱ्यांतली पात्रं आणि प्रतीकं या विषयावर तिला प्रबंध द्यायचा होता. पंधरा दिवसांनी सोमवारी शेवटची तारीख होती, ती हुकली तर वर्ष वाया. तिनं मला एवढंच सांगितलं होतं, की पप्पा, खाली टिपांत दिलेले पानांचे आकडे तेवढे तपासून द्या. आकडा म्हटलं की मी नाही म्हणत नाही. शिरोलीला ओतकामाच्या कारखान्यात तपासणी विभागात माझी बावीस वर्षं गेली आहेत.

तिसऱ्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य असं होतं, की हे कपाट कादंबरीभर बंद असतं, म्हणून ते त्या बाईच्या बंद मनाचं प्रतीक आहे.

"कपाट म्हणजे कपाट," मी म्हणालो. "लाकडाचं असतंय. त्यात भांडी असत्यात."

"पप्पा, असं नसतंय ते. लेखक उगंच कपाट घालत न्हाय."

"आणि कादंबरीभर बंद? मोजलंस?"

"त्यात मोजायचं काय?"

हा प्रश्न तिनं मला विचारायला नको होता. कपाट तीनपेक्षा जास्त वेळा उघडलं तर मी जिंकलो, नाहीतर ती, असं ठरलं. तिच्याकडं पाचशे नव्हते, ते मीच उसने दिले. मी नोंद करत होतो तेवढ्यात मेथी निवडत बसलेली बायको म्हणाली, "माझं नाव घातलासा का हजर म्हणून?"

"तुझा काय संबंध पैजेशी?"

"मग मी काय भिंत हाय व्हय हितं?"

मी वही मिटली.

पुस्तक चारशे बारा पानांचं. कसबा बावड्याहून कंपनीच्या बसनं जाता-येता आणि जेवणाच्या सुट्टीत, रोज बत्तीस पानं, मधला रविवार घरी धरून, असे बारा दिवस. तेराव्या दिवशी अठ्ठावीस. शब्दकोश डब्याच्या पिशवीत. बसमधली मंडळी विचारायची, "काय साहेब, लंडनला निघालासा व्हय?" मी मान वर करत नव्हतो. कपाट आलं की पान क्रमांक लिहायचा आणि पुढं उघडं किंवा बंद अशी खूण करायची. कास्टिंग तपासताना आम्ही करतो तसंच, पास किंवा रिजेक्ट.

बाई मला आवडली नाही. कंजूष वाटली. दीर मात्र बरा माणूस होता. दर वेळी अंडी घेऊन यायचा, वहिनीची चौकशी करायचा, कपाटाच्या सुताराचं कौतुक करायचा. बाई त्याला धड चहासुद्धा द्यायची नाही.

शनिवारी संध्याकाळी मी निकाल जाहीर केला. "कपाटाचा उल्लेख सव्वीस वेळा. बंद पंधरा, उघडं अकरा. पाचशे रुपये आणि उसने पाचशे, काढ."

मुलगी हसेल, चिडेल, निदान वाद घालेल असं मला वाटलं होतं. ती खाली बसली.

"अकरा?"

"पान क्रमांक देऊ?"

"पप्पा, ते चौदा पानी प्रकरण हाय. सगळं त्या एका वाक्यावर उभारलोय मी."

"पण तू पुस्तक वाचलंस ना?"

ती पंख्याकडं बघायला लागली. मग खरं काय ते बाहेर आलं. शंभर पानं वाचली होती, बाकीचं क्लासच्या नोट्सवरून. नोट्समध्ये लिहिलं होतं, कपाट कायम बंद. नोट्स लिहिणाऱ्यानंही बहुतेक शंभरच वाचली असावीत.

"परवा द्यायचंय," ती म्हणाली. "आणि तोंडी परीक्षेला बाहेरचे सर येणार. त्यांनी एक उघडं कपाट दाखवलं की संपलो मी."

तिचे डोळे भरले. मी पैज जिंकली होती आणि मला कुठं बघावं ते कळेना. कारखान्यात एखादा लॉट रिजेक्ट केला तर तो परत वितळवता येतो. इथं मी पोरीचं वर्ष रिजेक्ट करून बसलो होतो.

बायको भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "उघडलं तवा घरात कोन होतं?"

"कोण म्हणजे?"

"म्हंजे ती बाई एकटी होती का पावणं आल्तं?"

मी कागद बघितला. पान क्रमांक होता, उघडं-बंद होतं. तिसरा रकाना नव्हता. आयुष्यभर मिठाच्या पुड्यालाही हजर कोण ते लिहिणारा मी, सव्वीस नोंदींत एकदाही ते लिहिलं नव्हतं.

"न्हाई लिवलासा न्हवं? वाटलंच मला."

रविवारी सकाळी आठला आम्ही तिघं बसलो. मी पान क्रमांक सांगायचा, मुलगी पान काढून तिथला भाग मराठीत सांगायची, आणि बायको एकच प्रश्न विचारायची, "कोन होतं?" दुपारी साडेबाराला तिसरा रकाना भरला. बंद पंधरा वेळा, पंधराही वेळा घरात कुणीतरी आलेलं. त्यात नऊ वेळा दीर. उघडं अकरा वेळा, त्यात दहा वेळा बाई एकटी. ती मेलेल्या नवऱ्याची थाळी कपाटातनं काढायची, पुसायची, स्वतःच्या थाळीसमोर मांडायची आणि जेवायची. हे सगळं मी वाचलं होतं आणि त्याच्यापुढं "उघडं" अशी खूण करून पुढं गेलो होतो.

"अकराव्या वेळी मोलकरीण आहे," मी म्हणालो. "तिथं तुझा हिशोब चुकला."

"मोलकरणीला समदं म्हाईतच असतंय. तिच्याम्होरं काय झाकायचं?"

"पण दिरापासून कशाला लपवायचं? चांगला माणूस आहे. अंडी आणतो."

"अंडी घिऊन येनारा नऊ येळा कपाटाकडंच बघतोय, आनि तुमाला त्यो चांगला वाटतोय! घर पायजे त्याला."

पुढं तीनशे नव्वदाव्या पानावर त्यानं घर मागितलंच. ते मी वाचलं होतं. तरी त्याला चांगल्यात धरलं होतं.

मुलगी एव्हाना लिहायला लागली होती. मन बंद नाही, लोकांसमोर बंद आहे, असं काहीतरी ती पुटपुटत होती. मी बायकोला विचारलं, "तुला हे सुचलं कसं?"

"त्यात सुचायचं काय? तुमच्या भनी आल्या की मी आपल्या कपाटाला कुलूप लावतो. तुमी कामावर गेलासा की उघडं टाकतो."

"आपल्या कपाटात काय आहे?"

"थाळी न्हाई," ती म्हणाली आणि उठून गेली.

प्रबंध सोमवारी दुपारी गेला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी तिसरं प्रकरणच उघडलं. हा कोष्टकाचा प्रकार कुणी शिकवला, असं विचारलं. मुलगी म्हणाली, दोन रकाने पप्पांचे, तिसरा आईचा. सर हसले म्हणे. उत्तीर्ण झाली.

पैजेचा निकाल राहिला होता. अक्षरशः बघितलं तर मी जिंकलो होतो. पण प्रकरण तरलं होतं ते माझ्या आकड्यानंही नाही आणि मुलीच्या वाक्यानंही नाही. मी वही काढली, पैजेच्या नोंदीत "हजर"पुढं बायकोचं नाव घातलं आणि बाजूला सही केली.

दिलेली रक्कम: एक हजार रुपये, सगळे माझेच. घेणार: बायको. देताना हजर: तिघं. तिनं नोटा मोजल्या, मला पाणी आणायला स्वयंपाकघरात पाठवलं, आणि तांब्या भरून मी परत येईपर्यंत कपाटाला कुलूप लागलं होतं.