दोन भोपळ्यांचा तंबोरा

दसऱ्याची सकाळ. मुलीच्या चित्राच्या फ्रेमचा ठरलेला खर्च बाराशे रुपये. हजर: मी, बायको आणि माझी आत्या. मुलगी आंघोळीला गेली होती. जे झालं ते तेवढ्यात झालं.

मुलगी चित्रकला शिकते. आत्याच्या तंबोऱ्याचं तिने कोळशाने चित्र काढलं होतं आणि परवा ते कॉलेजच्या प्रदर्शनाच्या निवडीला द्यायचं होतं. चित्रात भोपळा दोनदा होता, खुंट्या एका कोपऱ्यात, तारा खिडकीबाहेर गेलेल्या. चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आत्याने एवढंच विचारलं होतं, "यातला खरा भोपळा कुठला?"

"दोन्ही, आजी. एक समोरून दिसतो तो, एक वरून."

आत्याने मान डोलावली. मला वाटलं, विषय संपला.

खुद्द तंबोरा घरात नव्हता. खिडकीतून आलेल्या माकडाने तो पाडला, भोपळ्याला चीर गेली, म्हणून नेहमीच्या तंबोरेवाल्याकडे दुरुस्तीला दिला होता. लग्नाआधीपासून आत्या दसऱ्याला त्याची पूजा करते. यंदा तिने चित्र पाटावर मांडलं, ओलं गंध लावलं, अक्षता वाहिल्या, पुढे अकरा रुपये ठेवले. गंध दोन्ही भोपळ्यांना लावलं.

मुलगी आली आणि दारातच थांबली. "आजी, हे परवा द्यायचंय. कोळसा आहे, पुसायला गेलं तर सगळं काळं होईल."

"मग पुसू नकोस," आत्या म्हणाली. "आणि उद्यापर्यंत हलवूही नकोस. मांडलेली सरस्वती आज उचलत नाहीत."

बायकोने नवीन काढायचं सुचवलं. त्याला तीन आठवडे लागतात, असं कळलं. मी कापसाचा बोळा सुचवला. आत्या आणि मुलगी दोघींनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी चहा करायला गेलो.

दुसऱ्या दिवशी चित्र उचललं तेव्हा गंध वाळलं होतं आणि तांदूळ घट्ट चिकटले होते. मुलगी बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "बाबा, आता निदान दोन्ही भोपळे एकाच तंबोऱ्याचे वाटतात." तिने अर्जात माध्यम लिहिलं: कोळसा, गंध, तांदूळ. चित्र निवडलं गेलं.

फ्रेमवाला म्हणाला, "बाबूजी, चावल के ऊपर काँच बैठेगा नहीं." खोल फ्रेम घ्यावी लागली. त्याला पंधराशे पन्नास दिले. पाटावरचे अकरा रुपये मुलीला मिळतील असं मला वाटलं होतं. आत्याने ते दरवर्षीप्रमाणे तंबोरेवाल्याला दिले.