बाईंनी हलवलेले पेशंट

तक्ता दिसला की सपकाळेबाई त्यावर फूटपट्टी आडवी ठेवायच्या आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचायच्या. वर्तकनगरला राहायच्या, आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. गेल्या वर्षी गेल्या. कुणावर विश्वास ठेवायच्या नाहीत. माझ्यावर तर नाहीच. मी रुग्णांच्या तक्रारी गोळा करून पत्रकं छापणारी संघटना चालवायचो.

माझ्या आईला पित्ताशयात खडे झालेले. कल्याणच्या एका खासगी हॉस्पिटलने ऑपरेशनची तारीख दिली आणि वर एक अहवाल हातात ठेवला: पोट उघडण्यापेक्षा दुर्बिणीचं ऑपरेशन कितीतरी सुरक्षित. मला गडबडीचा वास आला. कागद घेऊन बाईंकडे गेलो.

तळटिपेशी फूटपट्टी थांबली. "हे बघ. दुर्बिणीने सुरू केलं, जमलं नाही, मधेच पोट उघडलं. असे पेशंट यांनी पोट उघडलेल्यांत घातलेत. अवघड माणसं दुसऱ्याच्या गळ्यात." बाईंनी पेन्सिलीने ते पेशंट परत दुर्बिणीच्या रांगेत नेले. सुरू जिथून केलं, तिथेच मोजायचं. फरक जवळजवळ उरला नाही.

"म्हणजे फसवणूक. छापतो."

"मोजायला चुकलेत. फसवलं कशावरून? आणि दुर्बीण वाईट, असंही यातून निघत नाही."

दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल आमच्याकडे आलेल्या तक्रारींचा गठ्ठा मी पुढे केला.

"बऱ्या झालेल्या कितीजणांना विचारलंस?"

"ते कशाला तक्रार करतील, बाई?"

"मग तुझा तक्ता त्यांच्याहून वाईट आहे, पुढारी."

मला संशय आला. तोंडावर विचारलं, "त्या हॉस्पिटलात तुमचा कुणी विद्यार्थी आहे का?"

"असेल. शोध. संशय घ्यावाच. फक्त स्वतःला त्यातून सूट देऊ नये."

मी पत्रक छापलं. मथळा: दुर्बिणीला नाही म्हणा. शहाड स्टेशनबाहेर वाटलं.

आईने ते घरी वाचलं आणि मला न सांगता तारीख रद्द केली. काही आठवड्यांत पित्ताशय सुजलं, ताप चढला, घाईघाईत पोट उघडावं लागलं. वाचली, पण खूप दिवस अंथरुणावर होती. म्हणाली, "तू लिहिलेलंस ना, म्हणून नाही गेले रे."

बाई भेटायला आल्या. मी टोमण्याची वाट बघत होतो. त्यांनी आईची उशी सरळ केली आणि मला म्हणाल्या, "हिची तक्रार लिहून घेतलीस?"

मी संघटनेचा छापील तक्रार-अर्ज काढला. आईचं नाव, त्रास, तारीख. 'कुणाविरुद्ध' या रकान्यात माझं नाव लिहिलं.

बाईंनी चष्मा लावून वाचला. "आता हा छाप."

छापला. शहाडलाच वाटला.