डाव्या हाताची जुनी सवय

डिकॉस्टा बाईंनी घरचा पियानो उघडून दिला नसता, तर आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला इथे पणजीत कोण शिकवणार होतं? मी हॉटेलात वाढपी. पुढच्या आठवड्यात बाईंपुढे तीन रचना नीट वाजवल्या तर त्यांच्या शब्दावर मालक मला संध्याकाळी हॉटेलातल्या पियानोवर बसवणार आहेत, नाहीतर ताटं आहेतच.

तीन रचना तीन ढंगांच्या हव्यात. संथ वॉल्ट्झ आणि जॅझ बाईंनी निवडले, तिसरी माझ्यावर सोपवली. दमून आलो होतो, म्हणून सोप्यात सोपी उचलली.

"आरे बाबा, डावा हात कुठं गेला तुझा?" वाजवताना बाई हसल्या.

पाहतो तर तो हवेत पुढेमागे हलत होता. गावच्या भजनात पेटी वाजवायचो, तेव्हाचा भाता अजून मारत होता! मी एवढ्या लांब आलो, हात काही आलाच नाही. इतकी वर्षं त्याने उजव्याला हवा पुरवली, स्वतः एक सूर काढला नाही. आता त्यानेही गायचं म्हणजे भीती वाटणारच.

बाईंनी सोपी रचना मिटली आणि डाव्या हातातच सगळी चाल असलेली पुढ्यात ठेवली.

"चुकेल हो बाई."

"चुकू दे. माझ्यासमोरच चूक."

बाईंची डावी बोटं आता संधिवाताने वळत नाहीत. एक दिवस त्या उजव्याने वाजवतील आणि डावी बाजू मी सांभाळीन. त्यांना सांगितलेलं नाही, पण करणार.