आज आम्ही खंजिरीमागे धावलो

बायांनो, दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते.

दुपारी आंजी गावात आमच्या मंडळाचं भजन होतं. माझ्या मोठ्या जाऊबाई खंजिरी वाजवतात. आमच्यात रीत अशी की खंजिरी नेईल तसे टाळ जायचे, देवाचं नाव मधे तोडायचं नाही.

तिसऱ्या भजनाला त्यांचा हात एकाएकी जलद झाला. आम्हीही टाळ जलद केले. हात अडखळला, पुन्हा धावला. शेजारची शांता हसली, "आज मोठीबाई लयच रंगात आल्या वं!" आम्ही तशाच मागे धावलो.

मग खंजिरी त्यांच्या मांडीवर पडली. "मले धडधडून राह्यलं वं, पाणी दे." मी मनगट धरलं, तर नाडीही तशीच पळत होती, अडखळत होती. ऑटो करून वर्ध्याला दवाखान्यात आणलं.

डॉक्टर म्हणाले, "हृदयाची लय बिघडली आहे." लय मी भजनात ऐकली, शिवणक्लासात पायडल मारताना ऐकली. ती छातीतही असते, हे कुठं माहीत होतं?

भीतभीत विचारलं, "आमच्या टाळांनी वाढलं का जी?"

"नाही. पण तुम्ही भजन थांबवलं असतं तर त्या इथं लवकर पोचल्या असत्या."

जाऊबाई आत आहेत, डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. मशीनचा टिकटिक आवाज बाहेर येतो आणि माझी बोटं आपोआप ठेका धरतात. मी ती पदरात घट्ट दाबून बसले आहे.

तुमच्या मंडळात देवाचं नाव मधेच थांबवून "बाई, बरं आहे ना?" असं कोण विचारतं?