कॉम्प्युटर नसलेल्या माणसाची कॅसेट

गेल्या मंगळवारी दुपारी घरी भयंकर प्रकार झाला. टीव्ही लावला, टेप जोडला, आपली 'पाटी' लोड करायला बसलो... काहीच येईना. शेवटी वायर काढून टेप नुसता ऐकला, तर कोडच्या नेहमीच्या कर्कश कीं-कीं ऐवजी त्यातून माझी आई बोलत होती.

"भाऊ, कसा आहेस गा? तिकडं मस्कतले लय गरमी असन ना..."

ही शीट पहिल्यांदाच हातात आलेल्यांसाठी सांगतो. 'पाटी' ही आम्ही चौघं मिळून लिहीत असलेली ऑपरेटिंग सिस्टम. टीव्हीला जोडायच्या छोट्या कॉम्प्युटरवर चालते, स्क्रीनवर मेनू मराठीत येतो, आणि कोड सगळ्यांना उघडा. दर शनिवारी कोरी कॅसेट घेऊन सीताबर्डीला काकांच्या रेडिओच्या दुकानात यायचं, माळ्यावर चढायचं, कॉपी करून न्यायची. काही बदललं तर रजिस्टरमध्ये लिहायचं, एवढीच अट. आणि आठवड्यात किती काम पुढे गेलं ते मी या शीटवर लिहितो.

तर या आठवड्याची प्रगती... मायनस दोन महिने.

चूक माझीच. मास्टर कॅसेटवर चुकून काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून तिच्या मागचा प्लास्टिकचा तुकडा मीच तोडला होता. सोमवारी नवा कोड सेव्ह करायचा म्हणून त्या भोकावर चिकटपट्टी लावली, आणि काढायची विसरलो. आईला मामाला बोलकं पत्र पाठवायचं होतं, तिला टेबलावर कॅसेट दिसली...

बॅकअप होता ना! त्याच कॅसेटच्या बी साइडला. हसा, हसा. आईनं दोन्ही बाजू भरल्या.

आणि रविवारी सदर भागातल्या हॉलमध्ये आपला पहिला डेमो. कॉलेजचे सर येणार होते. त्यांना आवडलं तर लॅबमधलं फ्लॉपीवालं मशीन आपल्याला आठवड्यातून एक दिवस मिळणार होतं. दाखवायचा होता मराठी मेनू, आणि तो फक्त त्या कॅसेटवर. बाकी तिघांकडे आणि ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे त्या सगळ्यांकडे दसऱ्याच्या आधीची कॉपी, कारण दर वेळी "पुढच्या शनिवारी घेतो यार!"

आईवर ओरडायला उठलो होतो. पण टेप चालूच होता.

"...बंटी दिवसभर टीव्हीसमोर बसून राहते. काय करते मले तर समजत नाही. पण लोकायले फुकट देऊन राहिला म्हणते. चांगलंच असन ना गा भाऊ? तू पाहून सांग एखाद वेळी, त्याले बरं वाटन."

टेप बंद केला. काय ओरडणार, सांगा...

पुढचे तीन दिवस आठवून आठवून कोड लिहिला. निम्मासुद्धा झाला नाही. शनिवारी रिकाम्या हातानं माळ्यावर जाऊन बसलो.

तेवढ्यात गजाननभाऊ चढून आले. भाऊ नरखेडचे, विहिरीवरच्या पंपाच्या जळलेल्या मोटरी रिवाइंड करतात, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून देतात. तांब्याची तार घ्यायला दर शनिवारी नागपूरला येतात आणि न चुकता 'पाटी'ची कॉपी करून नेतात. गंमत म्हणजे त्यांच्याकडे कॉम्प्युटरच नाही! मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं होतं, "भाऊ, घरी जाऊन ऐकता की काय?" तर म्हणाले, "हो ना गा, म्हशीले ऐकवतो. दूध वाढलं."

"काहून तोंड पाडून बसला गा बंट्या?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. भाऊंनी रेक्झिनची बॅग उघडली. तारेच्या बंडलांच्या बाजूला रुमालात बांधलेल्या कॅसेट होत्या. प्रत्येकीवर बॉलपेननं तारीख.

"कोणत्या शनवारची पाहिजे?"

मागच्या शनिवारची लावली... एरर. परत लावली, परत एरर. कॉपी ती कॉपीच. मग भाऊंनी काकांचा बारका स्क्रूड्रायव्हर घेतला, टेपला कान लावला आणि कॅसेट वाचणाऱ्या हेडचा स्क्रू अगदी केसभर फिरवला.

"आवाज दबून राहिला होता. मोटरबी अशीच सांगते, ऐकाव लागते फक्त."

तिसऱ्या वेळी पाच मिनिटं टेपच्या काउंटरकडे बघत बसलो. आणि स्क्रीनवर मेनू आला... मराठीत, अक्षर न् अक्षर जागेवर! काका खालून ओरडले, "अरे माळा पाडता का बे?"

मी भाऊंना विचारलं, कॉम्प्युटर नसताना एवढ्या कॅसेट सांभाळल्या कशाला?

"आमच्या धंद्यात नवी मोटर पाणी फेकत नाही ना, तोवर जुनी गुंडाळी खुंटीवरून काढत नाही गा. चुकलं तर तारेचे वेढे मोजाले काही पाहिजे. तुमची पाटी चालू व्हायचीच होती अजून, मंग मी कशी फेकू?"

रविवारी डेमोला पहिलं बटण गजाननभाऊंनी दाबलं. सरांना मेनू इतका आवडला की मशीन आठवड्यातून दोन दिवस द्यायला तयार झाले. मग त्यांनी भाऊंना कौतुकानं विचारलं, "तुम्ही कोणता कॉम्प्युटर वापरता?"

"अजून घेतला नाही, साहेब," भाऊ म्हणाले. "पण तयारी आहे."

रजिस्टरच्या पहिल्या पानावर आता आणखी एक अट लिहिलीय, खाली नाव गजाननभाऊंचं... नवी चालेपर्यंत जुनी खुंटीवर. आणि मास्टर कॅसेट कालच मस्कतला रवाना झाली. चिकटपट्टी मी स्वतः काढून दिली, आईच्या बोलण्यावर कोणी काही रेकॉर्ड करू नये म्हणून.