उकळत्या पाण्यानं धुतलेलं आंबिलीचं मडकं

भावाचं पत्र आलं: "येळआमुश्याला ये. यंदा आंबील कौसल्या लावणार हाय." कौसल्या त्याची बायको, लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही. आमच्या घरी आंबील मी लावायचे, लहानपणापासून. पत्र वाचलं त्याच दिवशी मी रजेचा अर्ज दिला.

हैदराबादहून परभणीपर्यंत सरळ गाडी आहे, गंगाखेडसाठी तिथं ती बदलावी लागते. वाटेत पूर्णा जंक्शनवर कांदाभजी जरूर घ्या, पाणी मात्र घरचं न्या. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी जंतू तपासते, म्हणून सांगते. परभणी स्टेशनबाहेरच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि ठेचा आठ आण्यांत मिळाला. मालक एका गिऱ्हाइकावर ओरडत होता, "कलदार रुपाया काढा पावणं, निजामाचा हाली सिक्का ठिवा आता पोराला खेळायला!" गंगाखेडहून आमचं गाव बैलगाडीनं दोन तास. घोंगडी विसरू नका.

ज्यांना हा सण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मार्गशीर्षातल्या या वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जेवतं. बाजरीचे उंडे, पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची भज्जी, गव्हाची खीर, आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून दोन दिवस मडक्यात आंबवायचं, मग लसूण-आलं घालून प्यायचं. आमचं मडकं जुनं आहे. ते गार पाण्यानं नुसतं विसळतात, कधी घासत नाहीत. आंबटपणा त्याच्या मातीत मुरलेला असतो; थंडीत नुसत्या ताकानं पीठ आंबत नाही, त्या मातीनं आंबतं.

मी पोचले तेव्हा आई कौसल्येच्या डोक्याला तेल लावत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "आलीस? बस. लय गुणाची हाय बग ही. हिच्या हातचं ताकसुदीक येगळंच लागतंय."

"मामी, पुरं करा," कौसल्या सासूला लाजून म्हणाली. "वन्सं थकून आल्यात, च्या ठिवते."

चहा उत्तम होता. तेही मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कौसल्या विहिरीवर गेली. मी पातेलंभर पाणी उकळलं, मडक्यात ओतलं, पंधरा मिनिटं ठेवलं आणि पुन्हा एकदा उकळतं ओतलं. परिणाम मला ठाऊक होता. काचेची भांडी मी रोज अशीच निर्जंतुक करते. आईला सांगितलं, "मडकं स्वच्छ केलं." संध्याकाळी कौसल्येनं त्यात ताक आणि पीठ कालवलं. त्याआधी मडक्याला हात लावून तिनं आतला वास घेतला, मग चुलीजवळच्या पातेल्याकडं पाहिलं.

अमावस्येला कडब्याच्या खोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगडी पांडव मांडले, पूजा झाली, पंगत बसली. भज्जी इतकी चांगली होती की मी तीनदा घेतली. मग आंबील आली. भावानं एक घोट घेतला.

"आंबलीच न्हाई की! पिठाचं पाणी नुस्तं."

आईनं चाखून वाटी खाली ठेवली. "हात गार हाय पोरीचा, त्यानं आंबत न्हाई. उगंच हिच्यावर सोपवलं."

चुलत्या हसल्या. कौसल्येनं माझ्याकडं पाहिलं. मी उंडा मोडत राहिले. "चुकलं माजं, मामी," ती म्हणाली.

मला हवं होतं ते नेमकं तेवढंच घडलं. तरी त्या पंगतीत मला तिचाच हेवा वाटत होता; ती गप्प राहिली, आणि मलाही गप्प राहू दिलं.

निघताना तिनं माझ्या पिशवीत कापडानं तोंड बांधलेलं मातीचं बोळकं ठेवलं. "शेजारणीकडून इरजण आणलंय. आपल्याच मडक्यातलं तिनं मागं नेलं व्हतं." आणि आई ऐकणार नाही इतक्या हळू म्हणाली, "ह्याला उकळतं पाणी लावू नका, वन्सं."

हैदराबादला पोचून मी तिसऱ्या दिवशी आंबील केली. अगदी घरच्यासारखी आंबली. उभ्यानंच दोन वाट्या प्याले.

मग आईला पत्र लिहिलं: "मडकं मी उकळत्या पाण्यानं धुतलं होतं, मुद्दाम. कौसल्येचा हात गार नाही." आईला वाचता येत नाही. माझी पत्रं भाऊ ओसरीवर बसून मोठ्यानं वाचतो, चुलत्यासुद्धा ऐकायला येतात. ते ठाऊक असूनच मी पत्र टपालात टाकलं.