वरच्या वस्तीला आधी पाणी

ग्रामपंचायतींत बायकांना राखीव जागा मिळाल्या, त्या सुमारास मी धुळ्याला विस्तार अधिकारी होतो. नव्या सदस्यांना कारभार शिकवणं हे माझं काम. पहिल्या वर्गाला बायकांबरोबर त्यांचे नवरेही आले. ते खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. मी सरपंचबाईंना काही विचारलं की उत्तर खुर्च्यांवरून यायचं.

चहाच्या सुटीत नरडाण्याकडच्या एका गावच्या सरपंच जवळ आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावरून पदर; गावात सगळे त्यांना अक्का म्हणत. म्हणाल्या, "साहेब, आठे मी काय शिकसू? तुम्ही आमना गावमा या."

गेलो. गावात नवी नळयोजना झाली होती आणि पंचायतीच्या ताब्यात आली होती. टाकी नवी, नळ नवे. पण पाणी कुणाला कधी सोडायचं, हे कुणीच ठरवलं नव्हतं. खालच्या गल्लीत गुरांचे हौद भरून वाहायचे आणि टेकाडावरच्या भिल्ल वस्तीत नळ नुसते फुसफुसायचे. अक्कांचं स्वतःचं घर खालच्याच गल्लीत होतं.

ग्रामसभा एरवी मारुतीच्या पारावर भरायची, तिथे बायका फिरकत नसत. अक्कांनी ती भर दुपारी शाळेच्या पटांगणात घेतली. घरचं आवरून बायका आल्या, वरच्या वस्तीतल्याही आल्या. त्यांतली एक म्हणाली, "आमना नळले वारा येस, पानी नही." सगळे हसले.

अक्का उभ्या राहिल्या. "सकायले पहिलं वरनी वस्तीले पानी. तोवर खालना व्हॉल्व्ह बंद. मंग आमले."

त्यांचे जेठ, म्हणजे थोरले दीर, समोरच बसले होते. ते कडाडले, "घरनं पानी तोडाले तुले सरपंच करं का?"

अक्कांनी पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे वळल्या. जेठांशी थेट बोलायची त्यांच्या घरात रीत नव्हती. "साहेब, तुम्हीच सांगा त्यासले."

मी म्हणालो, "अक्का, सभेच्या अध्यक्ष तुम्ही आहात."

अक्का जेठांकडे न बघता, साऱ्या सभेकडे बघून म्हणाल्या, "पानी कोनंच तुटनार नही. आमले फक्त मंग भेटी."

हात वर झाले. आधी वरच्या वस्तीचे, मग खालच्या गल्लीतल्या काही बायकांचेही. ठराव झाला. जेठ उठून गेले. त्यानंतर कितीतरी सण त्यांच्या घरून अक्कांकडे ताट आलं नाही. धुळ्याला भेटल्या तेव्हा त्यांनीच हे सांगितलं. पण ठराव बदलावा, असं काही त्या बोलल्या नाहीत.

पुढच्या निवडणुकीत आरक्षण फिरलं आणि जेठांच्या गटातला माणूस सरपंच झाला. आता सगळं पूर्वीसारखं होणार, असं धरूनच मी एका सकाळी गावात उतरलो. टेकाडावर हंडे भरत होते. खालचा व्हॉल्व्ह बंद.

नव्या सरपंचांना विचारलं, "भाऊ, तुमचा तर विरोध होता ना?"

ते जरा वैतागूनच म्हणाले, "ठराव मोडानं तर ग्रामसभामा मोडनं पडी, साहेब. तठे साऱ्या बाया येतस."

पंचायतीचे अधिकार मी वर्गात पुष्कळदा शिकवले होते. पण माणूस बदलला तरी ठरलेलं टिकतं, तेव्हा ती खरी संस्था होते, हे मला त्या सकाळी उमगलं. परत निघालो तेव्हा अक्का दारात रिकामे हंडे मांडून बसल्या होत्या. त्यांच्या गल्लीला पाणी यायला अजून अवकाश होता. "बसा भाऊ," त्या म्हणाल्या, "च्या लेवा."